सेकंदाला एक डबा

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन लालबागेत आहे. तिथल्या फलाटावर उभं राहून न थांबणारी एखादी गाडी पाहा. डोळ्यांसमोरून सेकंदाला एक डबा गेला, तर गाडीचा वेग ताशी 80 किलोमीटर. आता त्यातला एक डबा पाण्यावर ठेवा आणि इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर तेवढ्याच वेगानं पळवा.

2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ‘अमेरिका कप’साठी भिडलेल्या दोन कॅटॅमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या शिडाच्या नौका, अशाच होत्या. लांबी 22 मीटर, वजन 6 टनांच्या आत, खलाशी 11. शिडाच्या जागी 40 मीटर उंच ताठ पंख. वारा 18-20 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असला की या नौका 40 नॉटच्या पुढे जात आणि पाण्याखालच्या लहानशा पात्यांवर तोलून दोन्ही सांगाडे पाण्याबाहेर उचलत. वाऱ्याच्या दुप्पट वेग ऐकायला चमत्कारिक वाटतो. पण नौका तिरकी पळू लागली की तिला समोरून वारा लागतो आणि पंख त्या वाऱ्यातूनच जोर काढतो.

इथेच जुने डावपेच कोलमडतात. दोनच नौकांच्या शर्यतीत खरा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा वारा तोडणं. पूर्वी वारा पाठीवर घेऊन जाताना मागची नौका पुढचीचा वारा खात असे. या नौकांना वारा कायम पुढून लागतो, त्यामुळे घुसळलेली हवा मागचीच्याच वाट्याला येते.

1983 साली न्यूपोर्टच्या निर्णायक शर्यतीत मागे पडलेल्या अमेरिकी कप्तान डेनिस कॉनरनं शेवटच्या टप्प्यात ‘ऑस्ट्रेलिया टू’ला चकवण्यासाठी 47 वेळा दिशा बदलली. तरी 41 सेकंदांनी हरला आणि कप 132 वर्षांत पहिल्यांदा अमेरिकेबाहेर गेला. 40 नॉटवर असला खेळ परवडत नाही. एका वळणात पाच सेकंद वाया गेले, तर 100 मीटर गेलेच समजा.

आता नुसत्या वेगाचा हिशेब. अंतर 10 सागरी मैल. एक नौका सरासरी 30 नॉटनं गेली, दुसरी 31 नं. दुसरी 39 सेकंद आधी पोचते, म्हणजे साधारण 600 मीटर पुढे. आपल्याकडची 24 डब्यांची गाडी त्या फटीत मावून वर जागा उरेल. एवढी फट कुठला डाव भरून काढणार?

2013 मध्ये न्यूझीलंडला एकच विजय हवा होता, गुण 8-1. बचाव करणाऱ्या अमेरिकेच्या ‘ऑरॅकल’चे तर आधीच्या छोट्या नौकांमधल्या गैरप्रकारापायी सुरुवातीलाच दोन गुण कापलेले. त्याआधीच, पहिल्या पाच शर्यतींनंतर, त्यांनी डावपेच ठरवणारा माणूस बदलला, बेन एन्सलीला आणलं. पुनरागमनाचं श्रेय आजही त्याला मिळतं. मला ते पटत नाही. त्याच्या पहिल्या सहा शर्यतींत चार हरले. दिवस पालटले ते वाऱ्याच्या उलट जाताना नौका पात्यांवर टिकू लागली तेव्हा. मग सलग आठ विजय. मध्ये 20 सप्टेंबरला न्यूझीलंड बरंच पुढे होतं, पण वारा मंदावला, 40 मिनिटांची मुदत संपली आणि शर्यतच रद्द झाली!

वेगाचं हे गणित आंग्र्यांच्या आरमारालाही ठाऊक होतं. वारा पडला की जडशीळ इंग्रजी जहाज जागीच अडे, आणि 40-50 वल्ह्यांची गलबतं त्याच्या पिछाडीला, जिथे तोफा कमी, तिथे जाऊन भिडत. गरज पडली तर गुराबा ही मोठी जहाजंही ओढून आणत. डाव आखलेला होताच, पण त्या घटकेला वेगही त्यांच्याच बाजूला होता.

25 सप्टेंबर 2013 ला ऑरॅकलनं शेवटची शर्यत 44 सेकंदांनी जिंकली. निकाल 9-8 असा नोंदला गेला. प्रत्यक्षात 19 पैकी 11 शर्यती त्यांच्या होत्या.