पटाचे घड्याळ कसे बसवावे?



कापूस-तूर घरात येते, ऊसतोड ऐन भरात असते आणि त्याच दिवसांत आपल्या विदर्भात शंकरपटाची चर्चा सुरू होते. अशाच एका संध्याकाळी काट्यावर गाड्यांच्या रांगेत बसलेल्या नालवाडीकडच्या एका सभासदाने आम्हाला विचारले, "भाऊ, आता पटात इलेक्ट्रॉनिक घड्याळ आलं, तरी भांडणं काहून होतात?" प्रश्न रास्त आहे. जोडी नंबरात आली की बैलांची किंमत वाढते, नाही आली तर वर्षभराची मेहनत आणि खुराक पाण्यात. म्हणून या अंकात घड्याळाची ही गोष्ट नीट समजावून घेऊ.

आपल्याकडच्या पटात एकेक किंवा दोन-दोन जोड्या सुटतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. म्हणजे जोडीची खरी स्पर्धा घड्याळाशीच. हातातले घड्याळ बटण दाबून चालवले तर काय होते? डोळ्याने पाहिले, मेंदूला कळले, अंगठा दाबला, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. जोडी सेकंदाला दहा मीटर धावत असेल तर तेवढ्यात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. शिवाय एका पंचाचा अंगठा चपळ, दुसऱ्याचा मंद. याच कारणाने धावण्याच्या जागतिक संघटनेने १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत हातघड्याळाची वेळ विक्रमासाठी धरणे बंद केले.

इलेक्ट्रॉनिक घड्याळाची रीत सोपी आहे. पटाच्या एका बाजूला खांबावर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडणारी पेटी, समोरच्या खांबावर तो किरण झेलणारी पेटी. सुरुवातीला अशी एक जोडणी, शेवटी दुसरी. बैल पहिल्या किरणातून गेला की घड्याळ सुरू, दुसऱ्यातून गेला की बंद. मधे कोणाचा अंगठा नाही. घड्याळातला स्फटिक सेकंदाला हजारो वेळा ठरावीक लयीत कंप पावतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या धावेत त्याची चूक मोजण्याइतकीही नसते. मग भांडण कशाचे? भांडण असते ते खांबांचे!

आपला वजनकाटाच घ्या. त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, यंत्र उत्तम असते. पण फलाटाखाली चिखल-चोथा साचला तर आकडा चुकतो की नाही? तसेच हे. सबब पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, अंतर पोलादी टेपने मोजावे. पावलांनी किंवा दोरीने नको, दोरी ताणली की वाढते.

दुसरी गोष्ट, समोरासमोरचे खांब पटाला काटकोनात हवेत. समजा शेवटचा एक खांब अर्धा मीटर पुढे रोवला गेला. किरण तिरपा झाला. आता डाव्या कडेने धावणारी जोडी आणि उजव्या कडेने धावणारी जोडी यांच्या अंतरात अर्ध्या मीटरपर्यंत फरक पडला. सेकंदाला दहा मीटरच्या वेगात हा फरक होतो सेकंदाच्या शंभर भागांपैकी पाच भाग. काटकोन काढायला घर बांधतानाचा तीन-चार-पाचचा हिशेब पुरतो.

हे पाच भाग थोडे वाटतील. पण ज्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याच जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला. केनियाच्या अब्राहम किबिवोतची वेळ होती ८ मिनिटे ११.१५. पाच भागांनी सुवर्णपदक गेले, रौप्य मिळाले. तेथे भांडण झाले नाही, कारण मोजणी चोख होती.

तिसरी गोष्ट, किरणाची उंची. तो बैलाच्या छातीला लागावा, शिंगाला किंवा नाकाला नव्हे. मान पुढे काढून धावणाऱ्या बैलाला फुकटचा फायदा मिळता कामा नये. माणसांच्या शर्यतीतही धड रेषेला आले तेच धरतात, हात किंवा डोके नाही. जमले तर खाली-वर दोन किरण लावावेत आणि दोन्ही एकदम तुटले तरच घड्याळाने दखल घ्यावी. दोन्ही टोकांना उंची एकच ठेवावी.

चौथी गोष्ट, किरण झेलणाऱ्या पेटीचे तोंड मावळतीकडे नको, दुपारनंतरचे ऊन थेट आत शिरते. धूळ तर उडणारच, म्हणून काही धावांनंतर काच कोरड्या फडक्याने पुसावी. वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा यंत्र बॅटरीवरच चालवावे.

पाचवी गोष्ट, खांबांपासून लोक दूर हवेत. उत्साहात एखादा पोरगा किरणातून पळाला की घड्याळ बिचारे त्यालाच बैल समजते! दोर बांधून स्वयंसेवक उभे करावेत. दोन पंच हातघड्याळ घेऊन असावेतच. यंत्राची आणि त्यांची वेळ फार वेगळी आली तर तेथेच थांबून तपासावे.

सहावी गोष्ट, पहिली जोडी सुटण्याआधी सर्व जोडीवाल्यांसमोर किरण फळीने तोडून चाचणी दाखवावी. प्रत्येक वेळ मोठ्याने पुकारून वहीत लिहावी आणि धुरकऱ्याची सही घ्यावी.

आता एक इशारा. यंत्र सेकंदाचा हजारावा हिस्साही दाखवते, पण त्याच्या मोहात पडू नये. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा दोन हजारांश सेकंदाने पहिला ठरला. पुढे लोकांच्या ध्यानात आले की तेवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या भिंतीसुद्धा तितक्या अचूक बांधता येत नाहीत. तेव्हापासून पोहण्यात शंभराव्या हिश्शावर निकाल लागतो, बरोबरी झाली तर पदक दोघांना. मग आपला पट तर मातीचा! दोन आकडे धरावेत. बरोबरी झाल्यास बैलांना पुन्हा न दमवता बक्षीस वाटून द्यावे.

शेवटी बैलांविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पट भरवता येत नाही आणि बैलाला मारणे, टोचणे, विजेचा झटका देणे हा गुन्हा आहे. आपला गवळाऊ बैल मुळातच चपळ, त्याला टोचण्याची गरज नाही. ज्या नालवाडीत विनोबाजी १९३२ पासून काही वर्षे राहिले, त्या परिसरात तर हे शोभतही नाही.

त्या सभासदाला आमचे उत्तर एवढेच. घड्याळ खोटं बोलत नाही, पण खांब वाकडा असला की खरंही बोलत नाही. काट्यावर उभे राहून आपण जसे आपले वजन डोळ्यांनी पाहून घेतो, तसेच पटाच्या सकाळी जाऊन खांब पाहून घ्यावेत. संध्याकाळी ओरडण्यापेक्षा ते बरे.