कूटबद्ध डीएनएस सर्व्हरांतील प्रवेशनियंत्रणाचे दोष

आंतरजालावरील नावाचे अंकात्मक पत्त्यात रूपांतर करून देणाऱ्या यंत्रणेस क्षेत्रनाम प्रणाली अथवा डीएनएस म्हणतात. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली, तेव्हा प्रश्न व उत्तर दोन्ही उघडी जात. टीएलएस (२०१६), एचटीटीपीएस (२०१८) व क्विक (२०२२) यांवरून ती कूटबद्ध स्वरूपात नेण्याची मानके पुढे सिद्ध झाली. कूटबद्धतेमुळे वाटेतील तिऱ्हाइतास प्रश्न वाचता येत नाही. परंतु तो विचारणाऱ्यास तसा अधिकार आहे की नाही, हे तिच्यामुळे ठरत नाही. सर्व्हराचे प्रमाणपत्रही सामान्यतः सर्व्हराचीच ओळख पटविते, ग्राहकाची नव्हे.

प्रवेशनियंत्रणाची जुनी रीत म्हणजे अनुमत पत्त्यांची यादी होय. महाडच्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्याने आपल्यापुरता असा सर्व्हर चालविला आहे, असे समजू. कार्यालयाचा पत्ता स्थिर असल्यास यादी पुरते. मात्र एखादा कर्मचारी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघाला, की त्याच्या मोबाईलचा पत्ता निराळा असतो व तो त्याच सेवेच्या अनेक ग्राहकांत सामाईक असू शकतो. तो यादीत घातल्यास परके आत येतात. न घातल्यास कर्मचारी अडतो. अशा वेळी तक्रारी टाळण्यासाठी यादीच काढून टाकण्याचा मोह होतो. मग कोणीही कारखान्यातील यंत्रांची नावे विचारून पाहू शकतो आणि मिळालेल्या उत्तरांतून अंतर्गत जाळ्याची रचना उघड होते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. एचटीटीपीएस प्रकारात सर्व्हरापुढे बहुधा मध्यस्थ सर्व्हर असतो, त्यामुळे प्रत्येक प्रश्न मध्यस्थाच्याच, म्हणजे अनुमत, पत्त्यावरून आलेला दिसतो. यावर उपाय म्हणून मूळ पत्ता शीर्षकात नोंदवितात; पण शीर्षक कोणाकडूनही स्वीकारल्यास हल्लेखोर त्यात हवा तो पत्ता लिहू शकतो.

काही सर्व्हर प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र ओळखनाव देतात. ते सर्व्हराच्या नावात गुंफल्यास टीएलएसच्या प्रारंभिक संदेशात सामान्यतः उघडे दिसते. एचटीटीपीएसच्या मार्गात ठेवल्यास झाकले जाते.

व्यवस्थापनाचे दारही विसरून चालत नाही. ‘अनबाउंड’ या प्रचलित सॉफ्टवेअरच्या काही लिनक्स वितरणांतील मांडणीत, त्याच यंत्रावरील कोणत्याही प्रक्रियेस पोर्ट ८९५३ वरून सर्व्हराची मांडणी बदलता येते, असे २०२४ मध्ये उघडकीस आले.