स्फुरदाला खूण : समस्थानिके आणि पाभरीतले खत



सोयाबीन पेरताना आपण सुपर फॉस्फेटचे पोते शेतात टाकतो. त्यातले किती स्फुरद पिकाने उचलले? स्फुरद जमिनीतही मुळात असतेच. झाडातले स्फुरद पोत्यातले की जमिनीतले, हे साध्या रासायनिक पृथक्करणाने कळत नाही. हा हिशेब लावण्याची युक्ती मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

अणूची रचना

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्रक असते. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्रकाबाहेरच्या कवचांत ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. मूलद्रव्य कोणते हे प्रोटॉनच्या संख्येवरून ठरते, हाच अणुअंक. स्फुरदाचा अणुअंक १५. त्याचे १५ इलेक्ट्रॉन २, ८, ५ असे कवचांत मांडलेले असतात. रासायनिक वागणूक ठरते ती या इलेक्ट्रॉनांवरून.

समस्थानिके म्हणजे काय?

निसर्गातल्या स्फुरदाच्या अणूत १६ न्यूट्रॉन असतात. १५ आणि १६ मिळून ३१, म्हणून तो स्फुरद-३१. अणुभट्टीत १७ न्यूट्रॉनांचा स्फुरद-३२ तयार करता येतो. प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त, अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. आपल्या देशात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि समस्थानिके देशातच तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

जत-आटपाडीच्या माळावर दोन कळप मिसळले, तर रंगाच्या खुणेवरून आपली मेंढी ओळखता येते. खूण केलेली मेंढी चरते मात्र इतरांसारखीच. स्फुरद-३२ चे तसेच आहे. इलेक्ट्रॉन सारखेच असल्याने पिकाची मुळे त्यात भेद करत नाहीत. पण त्याचे केंद्रक अस्थिर असते. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा किरण बाहेर पडतो आणि १६ प्रोटॉनांचा गंधकाचा अणू तयार होतो. हे किरण मोजले, की खुणेचे स्फुरद झाडात किती गेले ते समजते.

ही खूण कायमची नसते. स्फुरद-३२ चा अर्धायुकाल सुमारे १४.३ दिवस आहे. म्हणजे दर दोन आठवड्यांनी ते निम्मे होते आणि पाच महिन्यांत नगण्य उरते. असे खत फक्त प्रयोगात, योग्य काळजी घेऊनच वापरतात. बाजारातल्या पोत्यात स्फुरद-३२ नसते, म्हणून मनात शंका ठेवू नका.

आपल्या शेतासाठी बोध

सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात १६ टक्के, म्हणजे ८ किलो स्फुरद (पी२ओ५ स्वरूपात) असते. पहिल्या पिकाला त्यातले साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे १.२ ते १.६ किलोच मिळते. कृष्णाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उरलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते व पुढच्या पिकांना हळूहळू मिळते. शिवाय स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. खत मुळाकडे जात नाही, मुळालाच खतापर्यंत जावे लागते. म्हणून सोयाबीन, भुईमूग, ज्वारी यांसारख्या पिकांत :

१. सुपर फॉस्फेट फोकून देऊ नका. दोन चाड्यांच्या पाभरीने पेरून द्या.

२. खत बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली, साधारण ५ सेंटिमीटर अंतरावर पडेल असे पाहा. बी व खत एकमेकांना लागू देऊ नका.

३. स्फुरदाची पूर्ण मात्रा पेरणीच्या वेळीच द्या. कोवळ्या मुळांना त्याची गरज सुरुवातीलाच असते.

४. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. वर्षानुवर्षे स्फुरद दिलेल्या जमिनीत साठा असू शकतो.

घरात कोणी अणूचा धडा पाठ करत असेल, तर त्याला पेरणीच्या दिवशी पाभरीमागे घेऊन जा. धडा त्याला समजेल आणि खताचा खर्च आपल्याला.