मेटफॉर्मिनची गोळी आणि ०.००१८चा फरक

वारजे-माळवाडीतल्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ थांबले, तरी मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनच्या स्ट्रिप्स एकामागून एक जाताना दिसतील. स्वस्त, जुने आणि विश्वासाचे हे औषध. मात्र २०१९च्या अखेरीस त्यावर संशयाचे सावट आले. सिंगापूरमध्ये तीन मेटफॉर्मिन औषधे बाजारातून परत मागवली गेली. कारण होते ‘एनडीएमए’. माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या घटकांत त्याची गणना होते. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक कोटी भागांतील एका भागाहूनही कमी, एवढीच त्याची मर्यादा आहे.

इतका सूक्ष्म अंश शोधायचा कसा? मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र रेणूंचे जणू वजन करते. कोणते वजन शोधायचे, हे रसायनशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र टाकले की कळते. पण सॉफ्टवेअर एका रेणूसाठी दोन आकडे देते आणि गोंधळ तिथेच होतो.

निसर्गात एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक जड कार्बन-१३ असतो. नायट्रोजनच्या हजार अणूंत सुमारे चार जड नायट्रोजन-१५ असतात. क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७ यांचे प्रमाण जवळपास तीनास एक आहे. या सर्वांची सरासरी काढून येतो तो सरासरी रेणुभार. मेटफॉर्मिनसाठी तो १२९.१७ आहे आणि गोळीतल्या हायड्रोक्लोराइड क्षारासाठी १६५.६३. म्हणून ५०० मिलिग्रॅम क्षाराच्या गोळीत शुद्ध मेटफॉर्मिन ३९० मिलिग्रॅमच भरते. तराजूवर मोजायच्या औषधासाठी हाच आकडा योग्य.

यंत्र मात्र सरासरी पाहत नाही. त्याच्यापुढे एकेक रेणू येतो. त्यामुळे तिथे प्रत्येक समस्थानिकाचे नेमके वस्तुमान धरून हिशेब करावा लागतो. मेटफॉर्मिनचा हा आकडा १२९.१०१४ येतो.

आता खरी अडचण. गोळी बनवताना काही ठिकाणी डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे ‘डीएमएफ’, हा द्रावक वापरतात. त्याचा अंश दिवसाला ८.८ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, म्हणजे एनडीएमएच्या मर्यादेच्या सुमारे ९० हजार पट. यंत्रात प्रोटॉन चिकटल्यावर डीएमएफचे वस्तुमान ७४.०६०० होते आणि एनडीएमएचे ७५.०५५३. दोन्ही सहज वेगळे ओळखू येतात. पण डीएमएफच्या एखाद्या रेणूत जड नायट्रोजन असला, तर त्याचे वस्तुमान ७५.०५७१ भरते. फरक उरतो फक्त ०.००१८. त्यातून चाचणीच्या नळीतून दोन्ही पदार्थ एकाच वेळी बाहेर पडले आणि यंत्राला थोडी ढिलाई दिली, की निरुपद्रवी अंशाची नोंद विषारी म्हणून होते.

हेच २०२०मध्ये अमेरिकेत दिसले. एका खासगी प्रयोगशाळेने ३८ नमुन्यांपैकी १६ नमुन्यांत एनडीएमए मर्यादेबाहेर असल्याचे सांगितले. तेथील औषध प्रशासनाने अधिक काटेकोर चाचणी केली, तेव्हा मर्यादा ओलांडणारे नमुने ८ निघाले. म्हणजे भीती पूर्ण खोटी नव्हती, पण दुप्पट मोठी दिसत होती. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या काही गोळ्या त्या वर्षी तेथे खरोखरच परत मागवाव्या लागल्या.

रुग्णांच्या दृष्टीने दोन्ही बाजूंच्या चुका महाग आहेत. दोष निसटला, तर नको तो घटक वर्षानुवर्षे पोटात जातो. खोटा गजर झाला, तर घाबरून गोळी बंद होते, साखर वाढते आणि त्याची किंमत डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा मोजतात. म्हणूनच त्या वेळीही रुग्णांना सल्ला एकच होता, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

आजही मोबाइलवर ‘मेटफॉर्मिनने कर्करोग होतो’ असा संदेश फिरत आला, तर तो पुढे पाठवण्याआधी औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक यांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. परत मागवलेले औषध सहसा बॅचने ओळखले जाते. सरसकट सगळ्या गोळ्यांना दोष देणारा संदेश विश्वासार्ह नसतो. त्यापेक्षा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि डॉक्टरांनी सांगितल्यास बी-१२ तपासून घेणे अधिक उपयोगाचे.