युद्धकाळातील छोटी डिझेल शंटिंग इंजिने

मालगाडीच्या वाघिणी जोडणे, तोडणे, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणे आणि मालधक्क्याला नेमक्या जागी लावून देणे या कामाला रेल्वेत शंटिंग म्हणतात. ते करणारे इंजिन लांबची गाडी ओढत नाही. त्याचा दिवस यार्डात किंवा एखाद्या कारखान्याच्या सायडिंगवर पुढे-मागे करण्यात जातो. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणे शंटिंगचा वेग सर्वसाधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये. वाघिणीत स्फोटक किंवा ज्वालाग्राही माल असेल तर ही मर्यादा ८ किलोमीटरवर येते. ज्या यंत्राकडून एवढ्या संथ चालीचीच अपेक्षा आहे, त्याच्याकडे इतिहासाने फारसे पाहिले नाही. मात्र रेल्वेवर डिझेलने पाय रोवला तो याच यंत्राच्या जोरावर, आणि दुसऱ्या महायुद्धाने त्याला घाईघाईने जगभर पोचवले.

युद्धापूर्वी भारतात डिझेलचे प्रयोग तुरळक झाले होते. वायव्य रेल्वेने १९३०च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम बीअर्डमोर कंपनीकडून शंटिंगची डिझेल इंजिने आणवली. १९३५मध्ये आर्मस्ट्राँग व्हिटवर्थची दोन मोठी इंजिने कराची–लाहोर मार्गासाठी आली, पण तिथल्या उन्हाळ्यात ती टिकली नाहीत. वाफेची इंजिने स्वस्त होती, कोळसा देशातच निघत होता आणि ती हाताळणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली होती. डिझेलची निकड तेव्हा कोणालाच नव्हती.

ती निकड युद्धाने आणली. वाफेच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: कोळसा, पाणी आणि वेळ. थंड बॉयलर पेटवून कामापुरती वाफ तयार होईपर्यंत काही तास जातात. इंजिन नुसते उभे असले तरी भट्टी जळतच राहते, आणि शंटिंगच्या इंजिनाचा बराच वेळ उभे राहण्यातच जातो. चौथी अडचण लष्कराला जास्त बोचली. दिवसा वाफेचा आणि धुराचा लोट मैलभरावरून दिसतो, रात्री भट्टीचा उजेड दिसतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात न्यूझीलंडच्या अभियंता तुकड्या मर्सा मत्रूहच्या पश्चिमेला रूळ टाकत गेल्या. तिथे पाणी दुर्मीळ होते आणि डोक्यावर शत्रूची विमाने होती. अमेरिकेच्या व्हिटकोम कंपनीने लष्करासाठी बांधलेली ६५ टनी, ६५० अश्वशक्तीची डिझेल-इलेक्ट्रिक इंजिने अशाच ठिकाणी उपयोगी पडली.

प्रत्येक देशाने आपापल्या गरजेप्रमाणे आराखडा ठरवला. जर्मन सैन्याचे एक गाजलेले इंजिन डब्ल्यूआर ३६० सी १४ या नावाने ओळखले जाते, आणि त्याचे वर्णन त्या नावातच आहे: ३६० अश्वशक्ती, एकमेकांना जोडलेले तीन आस, प्रत्येक आसावर १४ टन भार. त्यात शक्ती चाकांपर्यंत द्रवाच्या माध्यमातून नेली जाई. युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने हीच इंजिने व्ही ३६ या नावाने वापरली. ब्रिटनमध्ये ३५० अश्वशक्तीचे सहा चाकी डिझेल-इलेक्ट्रिक शंटर लष्कराने घेतले. युद्धानंतर त्यांतली काही नेदरलँड्सच्या रेल्वेकडे गेली. याच घराण्यातून पुढे ब्रिटिश रेल्वेचा ०८ हा वर्ग निघाला आणि १९५२ ते १९६२ या काळात त्याची ९९६ इंजिने बांधली गेली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे ४४ टनी इंजिन १९४०पासून बाजारात होते. त्याच्या वजनामागे कामगार करार आहे. १९३७च्या समझोत्यानुसार चालत्या चाकांवर ९०,००० पौंड किंवा त्याहून जास्त भार असलेल्या इंजिनावर फायरमन ठेवणे बंधनकारक होते, म्हणून वजन त्या रेषेच्या किंचित खाली ठेवले गेले.

भारतात या लाटेतून आली ती जनरल इलेक्ट्रिकचीच १५ इंजिने. १९४४–४५मध्ये ब्रॉडगेजसाठी आलेल्या या इंजिनांना पुढे डब्ल्यूडीएस-१ हा वर्गक्रमांक मिळाला. त्यातला ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजचा, ‘डी’ डिझेलचा आणि ‘एस’ शंटिंगचा. शक्ती ३८६ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या मालट्रकपेक्षा फार जास्त नाही. तरीही भारतात एकाहून अधिक संख्येने आलेला आणि खरोखर टिकलेला पहिला डिझेल वर्ग हाच. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ इंजिने १९५७नंतर आली आणि वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन १९६४मध्ये बाहेर पडले. तोवर डिझेल म्हणजे काय, त्याची निगा कशी राखायची, याचा पहिला धडा भारतीय कामगारांनी या शंटरांवर गिरवला होता.

कमी शक्तीचे इंजिन जड वाघिणी कशी हलवते, हे त्याच्या रचनेत दडलेले आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या ४४ टनी इंजिनात ड्रायव्हरची केबिन मधोमध असते आणि दोन्ही बाजूंना सखल हुडाखाली एकेक डिझेल इंजिन बसवलेले असते. प्रत्येक इंजिन आपला जनरेटर फिरवते आणि त्यातून निघालेली वीज आसांवरच्या ट्रॅक्शन मोटरींना मिळते. विजेची मोटर उभ्या स्थितीतून निघतानाच सर्वाधिक ओढ देते आणि शंटिंगला नेमकी तीच हवी असते. ओढ शेवटी चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर ठरते, म्हणून वजन सगळेच्या सगळे चालत्या चाकांवर ठेवलेले असते. रूळ ओला असेल तर चाकासमोर वाळू सोडतात. दोन इंजिने असल्यामुळे हलक्या कामाला एक बंद ठेवता येते, आणि एक बिघडले तरी दुसऱ्यावर यार्ड मोकळे करता येते.

रुळावरचे काम मात्र यंत्राइतकेच माणसांचे असते. सांधेवाला सांधा फिरवून तो नीट बसल्याची खात्री करतो. वाघिणींजवळ उभा असलेला शंटर, म्हणजे त्या नावाचा कामगार, ड्रायव्हरला झेंड्याने इशारे देतो. हिरवा झेंडा सावकाश खाली-वर केला की इंजिनाने त्याच्यापासून दूर जायचे. तोच झेंडा शरीरासमोर आडवा इकडून तिकडे हलवला की त्याच्याकडे यायचे. शेवटच्या काही फुटांत बफरला बफर टेकतो, स्प्रिंगा दबतात, आणि त्या क्षणी इंजिन जागच्या जागी थांबले पाहिजे. मग कामगार दोन वाघिणींच्या मध्ये शिरून कपलिंगचा आकडा अडकवतो आणि स्क्रू आवळतो. तेवढा वेळ त्याचा जीव ड्रायव्हरच्या हातात असतो. मधल्या केबिनमधून दोन्ही टोके आणि हे कामगार दिसतात. वाफेच्या इंजिनात लांबलचक बॉयलरआडून डोकावणाऱ्या ड्रायव्हरला ही सोय नव्हती. छोट्या डिझेलचे गुणगान अश्वशक्तीवरून होते, पण त्याची खरी थोरवी या नजरेच्या टप्प्यात आहे.

युद्ध संपताच लष्कराकडची इंजिने फाजील ठरली आणि विक्रीला निघाली. बंदरे, पोलाद कारखाने, सिमेंट कारखाने आणि खाणी यांनी ती घेतली. पहिल्या महायुद्धानंतरही हेच झाले होते. इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथे वाळू वाहणारी छोटी रेल्वे १९१९मध्ये लष्कराच्या फाजील सामानावर उभी राहिली. तिच्यावर खंदकांसाठी बनवलेली सिम्प्लेक्स पेट्रोल इंजिने धावली.

मराठवाड्यात या इंजिनांचा अर्थ सहज कळतो, कारण इथेही प्रश्न पाण्याचाच आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर हे विकाराबाद–परळी ब्रॉडगेजवरचे स्थानक. अंबाजोगाई शहराला स्वतःचे स्थानक नाही, म्हणून तिथल्या लोकांना रेल्वेसाठी घाटनांदूर किंवा परळी गाठावी लागते. हा मार्ग निजामाच्या रेल्वेचा. परळीला पूर्वी परभणीकडून मीटरगेज येत असे, आणि दोन मापांचे रूळ एकमेकांना भिडत असल्यामुळे माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. अशा ठिकाणी शंटिंगला उसंत नसते. घाटनांदूरसारख्या स्थानकाला मात्र स्वतंत्र शंटिंग इंजिन परवडत नाही. अशा ठिकाणी गाडीचेच इंजिन वाघिणी लावून पुढे जाते.

परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३० मेगावॅटच्या संचापासून वाढत गेले. त्याचा कोळसा रेल्वेनेच येतो. अशा केंद्रात कोळशाची गाडी आली की वाघिणी एकेक करून टिपलरपाशी न्याव्या लागतात, तिथे त्या उलट्या करून रिकाम्या होतात, आणि हे काम शंटिंग इंजिनाचे असते. पाण्याअभावी हे केंद्र २०१३मध्ये बंद ठेवावे लागले, आणि २०१५मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर. वाफेच्या मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरच्या पुढे पाणी मावत असे आणि ते वारंवार भरावे लागे. रेडिएटरमधले पाणी फिरवून तेच पुन्हा वापरणारे डिझेल अशा मुलखात का रुजले, याला वेगळा पुरावा लागत नाही.

जतनाची कथा मात्र उपेक्षेची आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७मध्ये सुरू झाले, नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय २००२मध्ये. दोन्हींकडे लोक वाफेच्या ओढीने जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारखान्याच्या सायडिंगवरचे डिझेल रेल्वेचे नसते, कारखान्याचे असते. त्यामुळे रेल्वेच्या वारसा यादीत ते सहसा येत नाही, आणि निकामी झाले की भंगाराच्या लिलावात जाते. पितळ आणि तांबे आधी निघते, मग गॅसकटरने सांगाडा कापला जातो. ब्रिटनमध्ये चित्र वेगळे दिसते. लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर स्वयंसेवकांनी २० जून १९६० रोजी पहिली प्रवासी गाडी चालवली, आणि तिला ओढणारे इंजिन वाफेचे नव्हते. ते हन्सलेट कंपनीचे १९३२मधले डिझेल शंटर होते. छोटे डिझेल वाचवणे जुन्या रेल्वेच्या प्रेमाला शोभत नाही, हा समज तिथे त्याच दिवशी मोडला.

असे इंजिन राखण्याचे काम कौशल्याचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर लावणे सर्वांत धोक्याचे. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर पिस्टन वर येताना ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सिलिंडरची तोंडे मोकळी करून क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवतात. डिझेल टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आणि गाळ काढतात, इंजेक्टरच्या नोझलमधला चिकटा धुतात, जुने वंगण पूर्ण बदलतात. विजेच्या भागात शत्रू ओल. ट्रॅक्शन मोटरीचे इन्सुलेशन मेगर या रोधमापकाने तपासतात. आकडा कमी आला तर मोटर दिव्यांच्या उबेत कित्येक दिवस सुकवावी लागते. पावसाळ्यापूर्वी हुडाची झाकणे आणि धुराड्याचे तोंड बंद करणे, बॅटरी काढून ठेवणे, रेडिएटर रिकामे करणे किंवा त्यात गंजरोधक भरणे, ही कामे चुकवून चालत नाहीत. जुन्या गॅस्केटमध्ये आणि धुराड्याच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडणे फुफ्फुसांना घातक असते.

धातूइतकेच महत्त्व कागदाला आहे. बांधणीची पाटी, तिच्यावरचा क्रमांक आणि वर्ष, दुरुस्तीची नोंदवही, सुट्या भागांची यादी हे सर्व इंजिनासोबत राहिले नाही तर पुढे ते कुठून आले हे ठरवता येत नाही. रंगाचे थर घासून टाकण्याआधी एका कोपऱ्यात जपून उघडले तर लष्करी हिरवा, त्यावर कारखान्याचा पिवळा, असा मालकीचा क्रम सापडू शकतो. आणि ज्यांनी ही इंजिने चालवली, ज्या फिटरांनी सुटे भाग न मिळाल्यावर ते लेथवर स्वतः घडवले, त्यांच्या आठवणी ते हयात असतानाच लिहून घ्याव्या लागतात, कारण कंपनीच्या छापील पुस्तिकेत त्यांतले काहीच नसते.