ठेका दूरचा, वाणी आपली

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, घोड नदीच्या काठी वसलेले घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता ह्याच गावातून जातो. गावाच्या पूर्वेस बागायती मळे आहेत, तर पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या व भातखाचरे आहेत. चैत्र-वैशाखात ह्या मुलखात गावोगावी यात्रा भरू लागल्या, म्हणजे नाना तऱ्हेचे ध्वनी कानी पडतात. पालखीपुढे हलगी कडाडते. रात्री तमाशाच्या तंबूतून ढोलकीचे बोल ऐकू येतात. लग्नाच्या वरातीत बेंजो वाजतो. आणि अलीकडे डीजेच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी घरांची तावदानेही थरथरू लागतात. तरुण मुले तर मोबाइलवर रॅप नावाचा नवा गीतप्रकार ऐकतात आणि त्याच्या तालावर स्वतः शब्द जुळवू पाहतात. ह्यांतील आपले कोणते व परके कोणते, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींना पडतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

खरे पाहता हा मुलूख बाहेरच्या जगापासून कधीच तुटलेला नव्हता. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाट हा कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा ह्यांना जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, ह्या घाटाने मालाची ने-आण होत असे. जुन्नरच्या परिसरातील लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील काही दाते ‘यवन’ म्हणून नोंदलेले आहेत. पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक व इतर परकीय लोकांना त्या काळी यवन म्हणत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ह्या पाहुण्यांचे दानलेख त्यांच्या देशाच्या भाषेत नाहीत. ते येथील लोकांना कळेल अशा प्राकृत भाषेत आहेत. माणसे दुरून आली. परंतु येथे बोलावयाचे, तर येथल्या वाणीतच बोलावे लागते, हे त्यांनी ओळखले.

वाद्यांचीही हकीकत अशीच आहे. भजनात आणि तमाशात जी पेटी आज घरचीच वाटते, ती मूळची युरोपातील. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे स्वामित्व नोंदविले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता चालवून वाजवावे लागे. आपल्याकडे गायक-वादक बैठकीवर मांडी घालून बसतात. म्हणून एका हाताने भाता हलविण्याची सोय असलेली पेटी भारतात तयार झाली. बेंजोचे मूळ तर जपानात आहे. तेथे १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या एका तंतुवाद्यापासून आपल्याकडचे बुलबुलतरंग आले आणि पुढे त्यालाच विजेची जोड मिळून वरातीतला बेंजो झाला. वस्तू परमुलखातून आली. तिला येथील बैठक, येथील चाल आणि येथील प्रसंग मिळाला, तेव्हा ती आपली झाली.

डीजे ह्या शब्दाचा प्रवास ह्याहून मनोरंजक आहे. आपल्याकडे डीजे म्हणजे कर्ण्यांची भिंत असा अर्थ रूढ झाला आहे. मुळात मात्र तो माणसाचा वाचक आहे. ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्या निवडून वाजविणाऱ्यास इंग्रजीत ‘डिस्क जॉकी’ म्हणतात. डीजे हे त्याचेच आखूड रूप. अशाच एका तबकड्या वाजविणाऱ्या तरुणापासून रॅपची आणि ज्या मोठ्या कलाप्रवाहाचा तो भाग आहे त्या ‘हिप-हॉप’ची कथा सुरू होते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग १९७० च्या सुमारास दैन्याने ग्रासला होता. वस्त्यांमधून मोठा रस्ता काढल्यामुळे अनेक कुटुंबे विस्थापित झाली होती. कारखाने बंद पडत होते. जळालेल्या इमारती ओसाड उभ्या होत्या. तेथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन बेटांतून आलेली गरीब माणसे राहत. त्यांच्यात क्लाइव्ह कँपबेल नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म १९५५ साली जमेका बेटावरचा. पुढे तो कूल हर्क ह्या नावाने प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, शाळेसाठी नवे कपडे घेण्यास पैसे जमावेत म्हणून, त्याच्या बहिणीने इमारतीतील दालनात एक समारंभ योजिला. त्या काळात हर्कने एक युक्ती शोधून काढली. गाण्यामध्ये शब्द थांबून नुसता तालच वाजतो, तेवढ्या भागावर लोक विशेष रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तोच भाग आलटून पालटून वाजवू लागला. चार क्षणांचा ताल हवा तितका लांबविता आला. त्या तालावर ध्वनिक्षेपकातून लयबद्ध बोलण्याची प्रथा पडली. हेच रॅप. जमेकातही तबकड्यांच्या तालावर बोलण्याची रीत होतीच. म्हणजे ज्या कलेस आज आपण अमेरिकेची म्हणतो, ती तेथेही अंशतः पाहुणीच होती.

रॅपमध्ये गाण्यापेक्षा बोलण्यास अधिक महत्त्व असते. शब्द झपाट्याने येतात, यमके एकावर एक आदळतात आणि बोलणारा आपल्या वस्तीचे नाव अभिमानाने घेतो. दोन रॅपर समोरासमोर उभे राहून जागच्या जागी रचलेल्या शब्दांनी एकमेकांस निरुत्तर करू पाहतात. मराठी माणसास हे ऐकून फारसे नवल वाटू नये. कारण असे सामने महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहेत. कलगीवाले आणि तुरेवाले ह्यांचे फड समोरासमोर बसत. एक पक्ष शक्तीस श्रेष्ठ मानी, तर दुसरा शिवास. कोडे कवनातून घालावयाचे आणि उत्तरही कवनातूनच द्यावयाचे, असा त्यांचा रिवाज. पोवाड्यातही शाहीर केवळ गात नाही. डफाच्या आणि तुणतुण्याच्या साथीने तो मध्येच आवेशयुक्त गद्य बोलतो आणि झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. अर्थात ह्यावरून रॅप पोवाड्यातून निघाला असे कोणी समजू नये. दोहोंची कुळे वेगळी आहेत. सामान्य माणसास आपले म्हणणे चारचौघांत ठासून सांगावेसे वाटते. म्हणून दोन दूरच्या भूमींत दोन सारख्या रीती निर्माण झाल्या, एवढेच.

घोडेगावच्या पंचक्रोशीस तर ह्या परंपरेचा विशेष शेजार लाभला आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला, की तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन तमाशाची सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असे तमाशाचे भाग; परंतु काळाबरोबर त्यांत चित्रपटगीतांची ‘रंगबाजी’ही आली. येथीलच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) ह्यांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. कलेवर टाळ्यांचा वर्षाव करणारा समाज कलावंताच्या भाकरीची चिंता करीलच असे नाही, हे कटू सत्य त्यांच्या चरित्रातून दिसते. नवे गाणे आले म्हणून जुने बुडाले, असे म्हणताना ह्या उपेक्षेचाही विचार केला पाहिजे.

रॅप महाराष्ट्रात रुजला तो मुंबईच्या गल्ल्यांतून. आरंभी पुष्कळ तरुण अमेरिकी गायकांचे उच्चार, पोशाख आणि हावभाव ह्यांचे अनुकरण करीत. अंधेरीत वाढलेला डिव्हाइन हा रॅपरही प्रथम इंग्रजीतच रचना करी. पुढे तो मुंबईच्या बोलीत, तेथील वळणाच्या हिंदीत, आपल्या गल्लीविषयी बोलू लागला. कुर्ल्याच्या नेझीबरोबर त्याने केलेले ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ साली गाजले आणि २०१९ साली ह्या तरुणांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट देशभर पोहोचला. धारावीतील तरुण तर हिंदी, मराठी आणि तमिळ अशा अनेक भाषांत रॅप करू लागले. कारण त्यांच्या वस्तीत ह्या साऱ्याच भाषा नांदतात. क्रेटेक्स आणि श्रेयस ह्यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे २०२४ साली नेदरलँड्समधील एका ध्वनिमुद्रण संस्थेने प्रकाशित केले आणि मराठी न जाणणारेही त्यावर नाचले. अनुकरण चालले होते तोवर ह्या तरुणांकडे जगाचे लक्ष गेले नव्हते. स्वतःच्या बोलीत बोलू लागल्यावर ते गेले.

ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आहे. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) हे वाटेगावचे. दारिद्र्यामुळे त्यांचे कुटुंब गाव सोडून मुंबईस आले. दुसऱ्या महायुद्धात रशियातील स्टालिनग्राड शहराने जर्मन सैन्याशी जी झुंज दिली, तिच्यावर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. तेथे विषय दूरचा आणि साज घरचा होता. मराठी रॅपमध्ये साज दूरचा आणि विषय घरचा असतो. कवीजवळ स्वतःचे सांगण्यासारखे असेल, तर दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

म्हणून खरा धोका परक्या ठेक्याचा नसून रिकाम्या अनुकरणाचा आहे. डोंगराच्या कुशीत वाढलेल्या मुलाने न पाहिलेल्या उंच इमारतींची आणि महागड्या मोटारींची फुशारकी मारली, तर ते गाणे ब्राँक्सचे होत नाही आणि आंबेगावचेही होत नाही. सांगण्यासारखे येथे पुष्कळ आहे. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास मिळाले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. नाव मात्र मागे राहिले. ३० जुलै २०१४ रोजी ह्याच तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराचा कडा कोसळून गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. त्या घरांची, त्या शेतांची आणि त्या माणसांची कथा न्यूयॉर्कचा गायक सांगणार नाही. मुंबईचाही क्वचितच सांगेल. ती येथील माणसानेच सांगितली पाहिजे. तिला डफ साथ देवो, ढोलकी देवो, अथवा यंत्रातून निघालेला ताल देवो. बोल येथल्या मातीचे असले, म्हणजे ऐकणारास ते आपले वाटल्यावाचून राहणार नाहीत.