वऱ्हाडातील वार्धक्याचा अभ्यास आणि वयनिश्चितीचा प्रश्न

वार्धक्याच्या अभ्यासाचा पाया वय हाच होय, आणि आपल्याकडे नेमका तोच कच्चा असतो. पासष्ट वर्षांचा मनुष्य पंचाहत्तरीचा म्हणून नोंदला गेला, तर त्याची दृष्टी, चाल आणि स्मरणशक्ती ही सारी त्या वयाच्या मानाने विलक्षण ठरतात, व संशोधकास दीर्घायुष्याचे काही रहस्य हाती लागल्याचा भास होतो. असे भास टाळावयाचे तर काय करावे लागते, हे अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात पाहणे उपयुक्त आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ९.९ टक्के लोक साठ वर्षांचे वा त्याहून मोठे होते. त्या वेळी अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८.९ लाखांच्या व अकोल्याची १८.१ लाखांच्या आसपास होती. म्हणजे हा विषय काही मूठभर लोकांचा नव्हे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. परंतु तिचा नमुना राज्यनिहाय निष्कर्षांसाठी आखलेला होता. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील वृद्धांविषयी तिच्यातून काही सांगता येत नाही. ते काम स्थानिक अभ्यासकांनीच करावयाचे आहे.

वयाच्या आकड्यांतील दोष प्रथम दिसतो तो शून्य व पाच या अंकांवर. "साठी उलटली", "सत्तरीला आले" अशा बोलीतून वय सांगितले जाते आणि आकडे साठ, पासष्ट, सत्तर यांवर गोळा होतात. व्हिपल यांच्या निर्देशांकाने हा साठा मोजता येतो: तेवीस ते बासष्ट या वयोगटात शून्य वा पाच यांनी संपणाऱ्या वयांची संख्या पाचाने गुणून त्या गटाच्या एकूण संख्येशी तिचे शेकडा प्रमाण काढावयाचे. शंभर म्हणजे निर्दोष, पाचशे म्हणजे सर्वांनी शून्य वा पाच यांनी संपणारेच वय सांगितले आहे. स्वतःच्या पाहणीतील संशयास्पद आकडे ओळखण्याचा हा अत्यंत स्वस्त उपाय असूनही तो फारसा योजला जात नाही, हे नवल आहे. कागदपत्रांवरही विसंबता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून आणि आधारपत्रावरील १ जानेवारी या तारखा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शिवाय श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्ट वर्षांनंतर मिळते. ज्या विधवेचे पोट त्या रकमेवर चालते, तिने पाहणीसाठी आलेल्या अनोळखी माणसास कागदावरच्यापेक्षा कमी वय सांगावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

मात्र वऱ्हाडास एक साधन लाभले आहे, ते म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. आज त्यांच्या नकला तहसील कचेरीतून मुख्यतः जातपडताळणीसाठी काढल्या जातात. वयाच्या अभ्यासासाठी त्यांचा उपयोग व्हावयास हवा. तो सरळ नाही. नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते. अमक्यास मुलगा वा मुलगी झाली, एवढेच असते. तेव्हा भावंडांचा क्रम विचारून, हयात नसलेली भावंडेही मोजून, नोंद जुळवावी लागते. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची चाल असल्याने थोरल्या अपत्याची नोंद आजोळच्या गावी सापडण्याचा संभव अधिक. स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे: जन्म माहेरगावी, माहेरच्या आडनावाने, आणि लग्नात पुष्कळदा नावही बदललेले. म्हणून वृद्ध स्त्रीस तिचे माहेरचे नाव व गाव विचारणे हा प्रश्नपत्रिकेतील औपचारिक तपशील नसून वयनिश्चितीची किल्ली आहे. हा प्रश्न गाळला की पुरुषांची वये तपासलेली आणि स्त्रियांची अंदाजाची राहतात, आणि त्यातून काढलेली स्त्रीपुरुषांची तुलना निरर्थक होते. जुनी पाने मोडीत असल्यास मोडी वाचणारा सोबती हवा, हे ओघानेच आले.

नोंद न सापडल्यास घटनांचा आधार घ्यावा. गांधीजींची हत्या (जानेवारी १९४८), वलगावजवळ गाडगे महाराजांचे देहावसान (२० डिसेंबर १९५६), मोझरीच्या तुकडोजी महाराजांचे निर्वाण (११ ऑक्टोबर १९६८), १९७२ चा दुष्काळ या खुणा बहुतेकांच्या स्मरणात असतात. "तेव्हा तुमचे वय किती होते?" असे विचारून लाभ नाही, "तेव्हा तुम्ही गुरे राखायला जात होता काय, लग्न झाले होते काय?" असे विचारावे. मेळघाटातील कोरकू गावांसाठी या खुणा तेथील वडीलधाऱ्यांशी बोलून वेगळ्या ठरवाव्या लागतील.

वय ठरले तरी भेटतो कोण, हा प्रश्न उरतोच. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात गेल्यास घरी भेटतात ते अंथरुणाला खिळलेले. धडधाकट म्हातारी शेतात असते. आषाढीच्या सुमारास वारीला गेलेले वृद्धही यादीतून निसटतात. अशा पाहणीतून वार्धक्य म्हणजे निव्वळ व्याधी, असे चित्र उभे राहते. सायंकाळी पुन्हा फेरी मारणे एवढाच यावर इलाज आहे.

प्रश्नांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. हरियाणातील बल्लभगड येथे स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी पाश्चात्त्य चाचणी निरक्षरांना लागू करताना, लिहिलेले वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचे पाहून तसे करावयास सांगण्यात आले. वऱ्हाडात "नकाशा पाहता येतो काय?" यापेक्षा उकिडवे बसून उठता येते काय, पाण्याचा हंडा उचलवतो काय, हे विचारणे अधिक बोलके ठरेल. उत्तर वृद्धानेच द्यावे. मुलगा वा सून समोर असता आई सहसा "सगळं बरं हाय" एवढेच म्हणते.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना १९९८ मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, याचे भान ठेवावे. अन्यथा अकोल्यातील वृद्धांची संख्या एकाएकी घटल्यासारखी दिसेल. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात २००२ पासून जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सतत नोंद ठेवली गेली, आणि तिच्या आधारावर २००७ मध्ये पन्नाशीपुढील लोकांची पाहणी करणे शक्य झाले. एवढी व्यवस्था एखाद्या विभागाच्या आवाक्यातली नाही. तथापि दोन-चार गावे निवडून तेथील वृद्धांची वये एकदा नीट ठरविणे, आणि पावसाळ्यानंतर मुलाकडे पुण्यास वा नागपुरास गेलेल्यांचा पत्ता शेजाऱ्यांकडून टिपून ठेवणे, हे दरवर्षीच्या विद्यार्थ्यांकडून होण्याजोगे काम आहे.